आधीचं माप

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गिरगावच्या चाळीत स्ट्रक्चरल ऑडिटची माणसं येऊन गेली. जिन्याच्या वळणावर, दुसऱ्या मजल्याच्या थोडं खाली, भिंतीत एक तिरका तडा आहे. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची बोटं त्याच्यावरून इतकी फिरली आहेत की कडा गुळगुळीत झाल्यात, आणि नाक जवळ नेलं तर आत जुन्या चुन्याचा ओलसर वास येतो. आलेल्यांपैकी एक अगदी तरुण मुलगा होता. त्याने खिशातून एक पारदर्शक पट्टी काढली, केसाएवढ्या रेघेपासून जाड रेघांपर्यंत खुणा असलेली. ती तड्यावर धरून तो म्हणाला, "दोन मिलिमीटर." मग हातातल्या कागदाकडे बघत त्याने विचारलं, "आधीचं माप आहे का कुणाकडे?" तोवर जिन्यात निम्मी चाळ जमली होती. तळमजल्यावरचे काका म्हणाले, समोरच्या टॉवरचं पायलिंग झालं तेव्हापासूनचा आहे हा. काकूंनी लगेच खोडून काढलं, छे, २६ जुलैच्या पावसात भिंत भिजली ना, तेव्हाचा. कुणी किल्लारीच्या पहाटेचं नाव घेतलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हाही होता. सासूबाई त्यात उदबत्ती खोचायच्या." मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि 'अगोदरचे माप' या रकान्यात एक आडवी रेघ मारली. तड्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवली, शेजारी मार्करने तारीख घातली. "ही काच तडकली तर फोन करा." आजींनी विचारलं, "बाळा, पडणार नाही ना रे?" तो म्हणाला, "आजी, आज दोन मिलिमीटर आहे एवढंच मला सांगता येतं. वाढतोय की नाही, ते पुढच्या वेळी."

ती आडवी रेघ माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं कारण माझे बाबा. ते महापालिकेच्या पाणी खात्यात होते आणि त्यांचं बरंच आयुष्य डंपी लेव्हलच्या, म्हणजे जमिनीची उंची मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीला डोळा लावून गेलं. तिवई रोवायची, स्क्रू फिरवत बुडबुडा मधोमध आणायचा, समोर खलाशी लाल-काळ्या आकड्यांचा स्टाफ धरून उभा, त्यावरचं रीडिंग घ्यायचं. मागचं रीडिंग, पुढचं रीडिंग, मग तिवई उचलून पुढे. जिथून निघालो त्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर, शेवटी परत यायचं, आणि निघतानाची उंची व परततानाची उंची जुळली तरच दिवसाचं काम खरं. त्यांच्या फील्ड बुकात खोडरबर चालायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. पावसाळ्यात सकाळी पेपरात तलावांच्या पातळ्या आल्या की ते मोठ्याने वाचायचे. तानसा १२८.६३ मीटरला भरून वाहतो हे आमच्या घरात पाढ्यांबरोबर पाठ झालं. या पातळ्या टी.एच.डी.त, म्हणजे टाउन हॉल डेटम या मुंबईच्या उंचीच्या आधारपातळीपासून मोजलेल्या असतात हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, आणि एशियाटिकच्या, म्हणजे त्याच जुन्या टाउन हॉलच्या, पायऱ्यांवर बसलं की आपण अख्ख्या मुंबईच्या उंचीच्या हिशेबाशेजारी बसलोय असं वाटायचं. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते आहे याचं बाबांना फार अप्रूप. "त्यांना काय माहीत होतं की पुढे समुद्राची पातळी वाढतेय का हा प्रश्न येणार आहे? त्यांनी फक्त रोज लिहून ठेवलं."

बदल मोजायचा तर तो होण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन आलेलं असावं लागतं.

माझा भाचा पवईला उपग्रहांच्या रडार प्रतिमांवर काम करतो. त्याचा विषय ज्वालामुखींच्या आसपासची जमीन, ती किती वर येते, किती खचते. त्याला ऑडिटची हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "मावशी, आमचं सगळं शास्त्र त्या एका रकान्यावर उभं आहे." मग आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस साठायला लागला की वरची जमीन थोडी उचलली जाते, उतार बदलतो, दोन खुणांमधलं अंतर वाढतं. डोळ्याला यातलं काहीही दिसत नाही. हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवर १९१२ पासून वेधशाळा आहे, आणि तिथे जमिनीचा कल मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. एक किलोमीटर लांबीची ताठ सळई एका टोकाला एक मिलिमीटर उचलली तर तिचा कल होतो एक मायक्रोरेडियन. १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी हा कल मोजायला पाण्याची नळी वापरली. दोन टोकांना दोन भांडी, मध्ये पाण्याने भरलेली नळी, जमीन कलली की एका भांड्यात पाणी किंचित चढतं. आपल्याकडचा कुठलाही गवंडी हे वाचून मान डोलावेल, तोही फरशी बसवताना पारदर्शक नळीत पाणी भरून हेच करतो. भाच्याचं काम मात्र सातशे किलोमीटर वरून चालतं. उपग्रह रडारची लहर खाली सोडतो, परतलेली लहर नोंदवतो, काही दिवसांनी त्याच जागेवरून जाताना पुन्हा तेच करतो. दोन्ही नोंदी एकमेकींतून वजा केल्या की जमीन कुठे सरकली ते रंगीत पट्ट्यांनी दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-१ च्या प्रतिमेत एक पूर्ण पट्टा म्हणजे जमीन २.८ सेंटिमीटर सरकली. इटलीतला एटना उद्रेकाच्या काळात कसा खाली बसला ते १९९५ साली या पद्धतीने प्रसिद्ध झालं, तेव्हा दुर्बिणीवाल्यांनी आयुष्यभर चालून काढलं असतं ते चित्र एका कागदावर आलं. आपला आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. त्याच्या लांब लहरी झाडोऱ्यातून खाली पोचतात. आपल्यासारख्या हिरव्या, ओल्या मुलखांसाठी हे फार मोलाचं. "पण मावशी, पहिल्या प्रतिमेला एकटीला काहीच अर्थ नसतो," तो म्हणाला. "ती नुसती ठेवून द्यायची."

जपानमधल्या साकुराजिमा ज्वालामुखीची गोष्ट त्याने मला सांगितली, आणि ती मी नंतर मिळेल तिथून वाचून काढली. १२ जानेवारी १९१४ ला तो फुटला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, तिथल्या सर्वेक्षण खात्याने कागोशिमाच्या उपसागराभोवती लेव्हल घेऊन उंच्या नोंदवल्या होत्या. ज्वालामुखीसाठी म्हणून नव्हे, नकाशे करायचे होते म्हणून. उद्रेकानंतर त्याच खुणा पुन्हा मोजल्या तेव्हा दिसलं की उपसागराभोवतालची जमीन खचली आहे, आणि खचण्याचं केंद्र डोंगराच्या पोटाखाली नाही, उत्तरेकडच्या पाण्यात आहे. कियो मोगी या भूशास्त्रज्ञाने १९५८ साली हेच आकडे घेऊन हिशेब मांडला. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा आतली वाफ दिसत नाही, पापुद्रा कुठे आणि किती उचलला एवढंच दिसतं. मोगीने जमिनीच्या पापुद्र्यावरून आतल्या वाफेची जागा सांगितली. फुगवटा पसरट असेल तर दाब खोल, टोकदार असेल तर उथळ. साकुराजिमाचं उत्तर आलं सुमारे १० किलोमीटर खोल. आजही जगभर कुठे ज्वालामुखीची जमीन हलली की पहिला हिशेब बहुतेकदा मोगीच्याच समीकरणाने होतो. त्याच उद्रेकाची दुसरी खूण तिथल्या एका शाळेच्या आवारात उभी आहे. उद्रेकाआधी धरणीकंप होत होते, गावकरी घाबरले होते, आणि हवामान कार्यालयाने कळवलं की डोंगर फुटणार नाही. त्यावर भरवसा ठेवून थांबलेल्यांतल्या काहींचे जीव गेले. १९२४ साली गावाने दगडावर कोरून ठेवलं, की लोकांनी सिद्धान्तांवर विसंबू नये, काही वेगळं दिसलं तर आधी निघण्याची तयारी करावी. एकाच स्फोटातून मोगीचं समीकरण निघालं आणि हा दगडही. मला दोन्ही खरे वाटतात. त्यांतलं एक निवडावं असं मला कधीच वाटलं नाही.

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला पोत्सुओली नावाचं बंदर आहे. तिथल्या रोमन बाजाराचे संगमरवरी खांब, तीनच उभे आहेत, त्यांच्यावर सात मीटर उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे हे खांब कोरड्या जमिनीवर उभे राहिले, मग जमिनीसकट समुद्रात गेले, शिंपल्यांनी घरं केली, आणि पुन्हा वर आले. सगळं उभ्या-उभ्या. चार्ल्स लायेलने १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्र मागे हटू लागला, नवी जमीन उघडी पडली आणि राजाने ती दानपत्राने देऊनही टाकली. मुंबईत वाढलेल्या माणसाला समुद्रातून निघालेल्या जमिनीचे कागद लगेच होतात याचं नवल वाटत नाही. ती जमीन का निघत होती ते १५३८ साली कळलं. सप्टेंबरअखेर तिथे जमीन फाटली आणि काही दिवसांत एक नवी टेकडी उभी राहिली. मला मात्र त्यानंतरचं जास्त लागून राहतं. १९७० च्या मार्चमध्ये जमीन पुन्हा वर येतेय म्हणून बंदरालगतची जुनी वस्ती, रिओने तेर्रा, जबरदस्तीने रिकामी केली. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, बंदरातलं पाणी इतकं उथळ झालं की होड्या धक्क्याला लागेनात, आणि हजारो लोकांना मोन्तेरुशेल्लो या नव्या वसाहतीत नेलं. ज्वालामुखी फुटला नाही. माणसं मात्र बहुतेक परतली नाहीत. संक्रमण शिबिरात तात्पुरतं म्हणून गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलांच्या शाळा बदलतात, पितळी भांडी माळ्यावर बांधून ठेवलेली तशीच राहतात, आणि जुन्या पत्त्यावर येणारी लग्नपत्रिका कुणीतरी आणून देतं. तिथली माणसंही असंच काही बांधून बसली असतील. जमीन खरंच उचलली होती, आकडे खरे होते, हलवण्याचा निर्णयही मला चूक वाटत नाही. तरी ज्या आजीने घर सोडलं आणि मग काहीच झालं नाही, तिला आपण काय सांगायचं? २००५ पासून पोत्सुओली पुन्हा वर येते आहे. आता तिथे मोजणी अहोरात्र चालते.

आणि कधी मोजणी बिनचूक असते, तरी पुरत नाही. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उत्तर उतार १९८० च्या वसंतात बाहेर येत होता, दिवसाला दीड ते दोन मीटर, इतका की जुन्या नकाशाशी ताडून बघितलं तर डोंगराचा आकारच बदललेला. शास्त्रज्ञांनी उतारावर परावर्तक लावून समोरच्या कड्यावरून लेसरने अंतर मोजायला सुरुवात केली. १८ मेच्या सकाळी डेव्हिड जॉन्स्टन नावाचा तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ तिथे एकटा होता. त्याने सकाळची मापं घेऊन रेडिओवरून कळवली. फुगण्याचा वेग कालच्याइतकाच. त्यानंतर सुमारे दीड तासाने, ८ वाजून ३२ मिनिटांनी, भूकंपाने तो सगळा उतार सुटला आणि डोंगर आडवा फुटला. जॉन्स्टन गेला, एकूण ५७ माणसं गेली. त्याच मोजणीच्या भरवशावर आधीपासून परिसर बंद ठेवला होता म्हणून आणखी कितीतरी जण वाचले. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली भाजीवाला माठाच्या जुड्यांवर पाणी मारत होता. त्या शेवटच्या रीडिंगमध्ये चूक नव्हती, हे मला कळत होतं आणि पचत नव्हतं.

आपल्याकडे कुठे आलेत ज्वालामुखी, असं लोक म्हणतात.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसलं की हमखास कुणीतरी म्हणतं, खाली लाव्हा आहे. तसं नाही, भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं, एवढंच. जिवंत ज्वालामुखी मुंबईच्या आसपास नाही. पण आपण उभे आहोत ते संपूर्ण ज्वालामुखीवरच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर सह्याद्री उभा आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे बसाल्टचे खांब थंड होताना आकसलेला लाव्हाच आहेत, त्यांच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे आणि पायथ्याशी दाटीवाटीची वस्ती. वरळीला दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत त्या तळ्यात ते राहत होते. बाबांनी मला लहानपणी पुण्याच्या गाडीतून दाखवलं होतं, घाटातले थर बघ, पानसळीने लावल्यासारखे आडवे. आणि मग पनवेलच्या बाजूला, मुंबईकडे येताना, तेच थर पश्चिमेला कललेले. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. खंड फाटताना किनाऱ्याची ही अख्खी पट्टी समुद्राकडे वाकली. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन हललेली आहे, फक्त ती हलताना मोजायला कुणी नव्हतं. आडव्या घाटाशी ताडून बघितलं म्हणून कल समजला. घाट हेच त्याचं आधीचं माप.

सर्वमान्य मत असं की ज्या उष्ण स्रोतातून हा लाव्हा आला तो जागीच राहिला आणि भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकत आला. मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची वाट राहिली. आज तो स्रोत आहे रियुनियन बेटाखाली, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर. तिथल्या पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखीवर १९७७ च्या उद्रेकाने एका गावाचं नुकसान केलं, त्यानंतर १९७९ मध्ये वेधशाळा उभी राहिली. आज तो जगातल्या सगळ्यात बारकाईने मोजल्या जाणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. जीपीएस, कलमापक, भेगा रुंदावतात का ते बघणारी यंत्रं, हे सगळं डोंगरावर पेरलेलं आहे. उद्रेकाआधी तो काही सेंटिमीटर फुगतो, बहुतेक वेळा आधी कळतं, रस्ते बंद करतात. एप्रिल २००७ मध्ये आतला लाव्हा इतका निघून गेला की माथ्यावरचं विवर तीनशे मीटरांहून जास्त खाली कोसळलं. हे कळल्यापासून मला त्या बेटाबद्दल नात्यातल्या माणसासारखी काळजी वाटते. आमच्या चाळीच्या जोत्याचा काळा दगड ज्या आगीचा, तिची नाडी तिथे कुणीतरी रोज बघतं आहे, आणि बरेच दिवस लिहीत असेल, आज काही नाही.

काचेची पट्टी अजून सलग आहे. येता-जाता सगळेच तिच्याकडे बघतात. काकांनी शेजारी पेन्सिलने तारखा घालायला सुरुवात केली आहे. मी भाच्याला विचारलं, की जिथे असं कुणीच बघत नाही तिथलं काय? अंदमानचं बॅरन आयलंड घ्या, निर्मनुष्य, दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ ला परत जागं झालं. जगात असे पुष्कळ डोंगर आहेत ज्यांच्या अंगावर एकही यंत्र नाही. सरकारं पैसे काढतात ते धूर दिसल्यावर, आणि तोवर शांतपणाचं माप घ्यायची वेळ निघून गेलेली असते. मला वाटतं, यंत्र आधी तिथे पोचायला हवं जिथे काही होत नाहीये. भाचा म्हणाला, थोडंफार तसं नकळत झालं आहे. १९९२ पासून युरोपचे रडार उपग्रह अँडीजवरून जात राहिले आणि प्रतिमा साठत गेल्या. दहाएक वर्षांनी दोन संशोधकांनी तो साठा उघडून शेकडो ज्वालामुखी तपासले, आणि बोलिव्हियातला उतुरुंकू, सहा हजार मीटर उंच, सुमारे अडीच लाख वर्षांत एकदाही न फुटलेला, वर्षाला एक-दोन सेंटिमीटरने वर येताना सापडला. किती काळापासून, ते उपग्रहांना सांगता येईना, कारण उपग्रहच त्याआधी नव्हते. मग संशोधक जमिनीवरच्या जुन्या खुणांकडे गेले. त्या पठारावर १९६५ साली लेव्हल घेतलेली होती. त्याच खुणा पुन्हा मोजल्या आणि कळलं, डोंगर निदान पन्नास वर्षं असाच वर येतोय. आता तिथल्या लोकांना निदान हे सांगता येतं, की हे कालपासूनचं नाही.

ज्यांनी ते १९६५ चं रीडिंग घेतलं त्यांना उतुरुंकूशी काही देणंघेणं नव्हतं. साडेतीन-चार हजार मीटरवर, विरळ हवेत आणि वाऱ्यात, कुणीतरी स्टाफ सरळ धरून उभा राहिला असेल, कुणीतरी बुडबुडा स्थिर व्हायची वाट बघितली असेल. मी भाच्याला त्यांची नावं कुठे मिळतील का म्हणून विचारलं आहे. तो शोधतो म्हणाला.